गृहीतराव कर्जतला कधी आले होते?

महाराष्ट्रात कर्जत दोन. एक रायगडातलं. त्याला लोकल आहे, फार्महाऊस आहेत, पावसाळ्यात धबधबे आहेत. दुसरं आमचं, अहिल्यानगर जिल्ह्यातलं. इथे रेल्वे नाही, धबधबा नाही, आणि वेळेवर पाऊस पडला तर त्याची बातमी होते. एकाचा पिनकोड 410201, दुसऱ्याचा 414402. पुण्यात कुणाला गाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग लोकलने किती वेळ लागतो?" आम्हीही पाठ केलेलं उत्तर देतो: "लोकल नाही हो, एसटी. भिगवण, राशीन, मग कर्जत."

माणसाचा हा घोळ एका चहात मिटतो. कॉम्प्युटर चहा पीत नाही. त्याला कोणीतरी एकदा सांगून ठेवलंय की कर्जत म्हणजे रायगड, आणि तो ते इमानाने पाळतो. त्यात भर जिल्ह्याच्या नावाची. 31 मे 2023 ला शेजारच्या चौंडीत नामांतराची घोषणा झाली, राजपत्रात नाव आलं ऑक्टोबर 2024 मध्ये. तेव्हापासून काही फॉर्मांत आम्ही अहमदनगरचे, काहींत अहिल्यानगरचे. दोन्ही नावं 'अ'पासूनच सुरू होतात, एवढीच काय ती सोय. ड्रॉपडाऊनच्या यादीत फार खाली उतरावं लागत नाही.

या सगळ्याच्या मागे एक गृहस्थ आहेत. आपण त्यांना गृहीतराव म्हणू.

कुठलंही ॲप, पोर्टल किंवा फॉर्म जन्माला येण्याआधी एका गार खोलीत बैठक होते. भिंतीवर पडदा, टेबलावर बिस्किटं. या बैठकीत "आपला युजर" म्हणून जो डोळ्यांपुढे आणला जातो, तो हा गृहीतराव. वय बत्तीस. नजर साफ. खिशात नवा फोन, फोनला भरपूर रेंज. आधारला जोडलेला मोबाइल नंबर त्याचा स्वतःचाच, आणि तो फोन त्याच्याच हातात. सातबारा, आधार, रेशनकार्ड आणि बँकेचं पासबुक या चारही ठिकाणी त्याच्या नावाचं स्पेलिंग एकच. त्याला इंग्रजी वाचता येतं. दुपारी बारा वाजता त्याला दुसरं काही काम नसतं. मुख्य म्हणजे त्याच्या घरात कोणी मरत नाही, कोणी सोडून जात नाही, आणि चाकणच्या कंपनीत कामाला लागलेला मुलगा आधारला जोडलेलं सिमकार्ड घेऊन तिकडे राहत नाही.

आता कर्जत तालुक्यात फिरा. राशीनपासून मिरजगावपर्यंत, सिद्धटेकच्या भीमाकाठापासून सीनेच्या काठापर्यंत. रेहेकुरीच्या अभयारण्यात काळवीट दिसेल. गृहीतराव दिसायचे नाहीत.

उन्हात काय दिसतं?

ई-पीक पाहणीपासून सुरू करू, कारण हिच्याबद्दल थोडं चांगलंही बोलायचं आहे. 15 ऑगस्ट 2021 ला टाटा ट्रस्टच्या मदतीने ही योजना राज्यभर लागू झाली. घोषणा झकास होती: माझी शेती, माझा सातबारा, मीच लिहिणार माझा पीकपेरा. तोवर पीकपेरा तलाठी लिहायचा. तो बांधावर येऊन लिहायचा की कचेरीत बसून, हा गावोगावचा जुना वाद. त्याऐवजी शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात उभं राहून फोटो काढावा, जागा जीपीएस सांगेल, नोंद थेट गाव नमुना बारामध्ये जाईल. कल्पना खणखणीत. नुकसानभरपाई, पीकविमा, हमीभावाची खरेदी, सगळं त्या नोंदीला टांगलेलं.

आता गार खोलीत न दिसलेली गोष्ट. भर उन्हात फोनचा पडदा दिसत नाही. खरिपाची नोंद करायला शेतात जायचं, एका हाताने फोनवर सावली धरायची, दुसऱ्या हाताने गट नंबर शोधायचा, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर करू म्हणून ठेवलेलं. ही अडचण कुठल्याही पडद्यावरच्या सादरीकरणात येत नाही, कारण सादरीकरणाच्या खोलीत पडदे ओढलेले असतात. रेंजचंही तेच. ज्या माळावर काळवीट मजेत हिंडतं, तिथे मोबाइलचा टॉवर मजेत असेलच असं नाही.

पण इथे एक चांगली गोष्ट झाली. गृहीतरावांना थोडं बाजूला सारलं गेलं. प्रत्येक शेतकऱ्याकडे स्मार्टफोन नसतो हे मान्य करून एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करायची सोय ठेवली गेली. म्हणजे पुतण्याच्या फोनवर चुलत्याचा ऊस चढू शकतो. 2022 च्या खरिपात सुधारित ॲप आलं. त्यात चुकलेली नोंद 48 तासांत एकदा दुरुस्त करायची मुभा मिळाली, आणि मिश्र पिकात मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिकं लिहायची सोय झाली. नगरच्या जिरायती रानात बाजरीबरोबर तूर पेरतात, हे कर्जतच्या चौथीतल्या पोराला ठाऊक असतं. ॲपला ते नीट कळायला एक आवृत्ती जावी लागली. तरी कळलं, याबद्दल आभार.

यातून एक धडा निघतो, तो इथेच सांगून टाकतो. गृहीत धरणं हा गुन्हा नाही. काहीतरी गृहीत धरल्याशिवाय साधी पिशवीसुद्धा शिवता येत नाही. शेतकरी फोटो काढील, हेही गृहीतकच होतं, आणि ते बऱ्यापैकी खरं ठरलं. फरक पडतो तो पुढे. गृहीतक कागदावर "हा आमचा अंदाज आहे" म्हणून लिहिलं आणि बांधावर नेऊन तपासलं, तर त्याचं ज्ञान होतं. तेच गृहीतक न तपासता शासन निर्णयात गेलं, की त्याचा नियम होतो. आणि नियमाला कोणी विचारत नाही, "बाबा रे, तुला हे कोणी सांगितलं?"

सेविकेच्या हातातला फोन

दुसरा किस्सा अंगणवाडीचा. 1 मार्च 2021 ला केंद्राचं पोषण ट्रॅकर ॲप आलं. मुलांची वजनं, उंची, आहाराचं वाटप, गरोदर बायकांच्या नोंदी, सगळं फोनवर. सेविकांकडे आधीपासून सरकारने दिलेले फोन होते, दोन जीबी रॅमचे. ॲप इंग्रजीत. गृहीत काय धरलं, तर सेविका बाई आहे, शिकलेली आहे, इंग्रजी तिला येतच असेल. फोन दिलाय, म्हणजे तो चालतच असेल.

ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. मोबाइल वापसी आंदोलन. जगभरातल्या डिझायनर मंडळींना अभिप्राय मिळवण्यासाठी काय काय करावं लागतं: प्रश्नावल्या, तारांकित मानांकनं, "तुम्हाला कसं वाटलं ते कळवा". आमच्या बायांनी यंत्रच टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, घ्या. यापेक्षा स्पष्ट अभिप्राय कुठल्याही कंपनीला आजवर मिळाला नसेल. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढे ॲप मराठीतही आलं.

मराठी राज्यातल्या मराठी शाळेत शिकलेल्या बाईला, मराठी बोलणाऱ्या पोरांची वजनं मराठीत लिहू द्यावीत, एवढं कळण्यासाठी संशोधनाची गरज होती का? होती. कारण संशोधन म्हणजे एका सेविकेशेजारी अर्धा तास बसणं. तेवढं केलं असतं तर आंदोलन वाचलं असतं, वकिलांची फी वाचली असती, आणि त्या काळात मोजायच्या राहिलेल्या पोरांची वजनंही मोजून झाली असती.

या सेविकेला लक्षात ठेवा. ती पुढे परत येणार आहे.

नवरा किंवा वडील

तिसरा किस्सा ताजा आहे आणि घराघरातला आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना. जुलै 2024 पासून सुरू, 21 ते 65 वयाच्या बायकांना महिन्याला 1500 रुपये. पहिल्या फेरीत अर्ज भरून घ्यायला सेविकाही होत्या, अर्जामागे 50 रुपये मानधनाच्या बोलीवर. मग 18 सप्टेंबर 2025 ला आदेश निघाला की दोन महिन्यांत ई-केवायसी करा. पोर्टलवर बाईने आधी आपला आधार क्रमांक टाकायचा, आपला ओटीपी टाकायचा. नंतर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्याच्या फोनवर आलेला ओटीपी.

आता ही योजना कोणासाठी होती ते आठवा. विवाहित बायकांबरोबरच विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशी पात्रतेची यादी योजनेनेच दिली होती. म्हणजे एका कागदावर "विधवा पात्र" असं लिहिलं, आणि दुसऱ्या कागदावर तिच्याकडे नवऱ्याचा ओटीपी मागितला. वडीलही गेलेले असतील, तर पोर्टलकडे तिसरं खानंच नव्हतं. तिने ओटीपी मागायचा कुणाकडे? देव्हाऱ्यातल्या तसबिरीकडे?

गृहीतरावांची इथली चूक नीट बघा. त्यांना विधवांबद्दल आकस नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त एक घर होतं. त्या घरात नवरा सोफ्यावर बसलेला होता आणि त्याचा फोन चार्जिंगला होता. त्या घराबाहेर त्यांनी डोकावलं नाही. ऊसतोडीला गेलेला नवरा, दारू पिऊन फोन विकलेला नवरा, दुसरं लग्न करून बसलेला नवरा, "तुझ्या पैशाचं तू बघ, मी ओटीपी देत नाही" म्हणणारा नवरा, हे सगळे नवरे त्या गार खोलीत कुणाला भेटलेच नव्हते. कर्जतच्या एसटी स्टँडवर तासभर उभं राहिलं असतं, तर यातले तीन तरी भेटले असते.

मुदत होती 18 नोव्हेंबर. ती उलटायच्या आत सरकारने 31 डिसेंबर 2025 पर्यंत मुदत वाढवली आणि वाट काढली. नवरा किंवा वडील नसलेल्या बाईने स्वतःपुरतं ई-केवायसी करावं आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावा. पाहा, आली की नाही परत? जी गोष्ट पोर्टलला कळली नव्हती, ती कळून घ्यायला शेवटी सेविकाच लागली.

इतिहास मोठा खट्याळ असतो. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदारयाद्या करताना उत्तरेतल्या लाखो बायकांनी आपलं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. तेव्हाच्या निवडणूक आयोगाने ते चालवून घेतलं नाही. बाईने स्वतःचं नाव दिलंच पाहिजे, असा हट्ट धरला, आणि त्यापायी सुमारे 28 लाख नावं यादीबाहेर राहिली. त्या हट्टाची किंमत मोठी होती, पण त्यात एक बाणेदारपणा होता: बाई, तुझी ओळख तुझी. त्याच देशात सत्तरहून अधिक वर्षांनी पोर्टल म्हणतं, तुझं नाव कळलं, आता त्याचा नंबर दे.

त्याच निवडणुकीत, बहुसंख्य मतदारांना वाचता येत नाही हे मान्य करून, प्रत्येक उमेदवारासाठी चिन्ह लावलेली वेगळी मतपेटी ठेवली होती. मतदाराने फक्त पेटी ओळखायची आणि कागद टाकायचा. तेव्हा "यूएक्स", म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव, हा शब्द कुणी ऐकला नव्हता. मतदार कसा आहे, एवढं मात्र त्यांनी विचारलं होतं.

होय की नाही?

लाडक्या बहिणीच्या त्याच ई-केवायसीत शेवटी दोन विधानं होती आणि त्यांपुढे होय-नाही. पहिल्याचा सारांश असा: माझ्या कुटुंबातलं कोणी सरकारी नोकरीत कायम कर्मचारी नाही किंवा निवृत्तीवेतन घेत नाही. होय की नाही?

जरा थांबून स्वतः उत्तर द्या. तुमच्या घरात कोणी सरकारी नोकरीत नाही असं धरा. मग उत्तर काय? विधान खरं, म्हणून "होय"? की "नाही, कोणी नाही" म्हणून "नाही"? आमच्याकडे जेवायला बसायचं नसलं की माणूस म्हणतो, "नाही, मला भूक नाही." दोनदा नाही म्हणून एकदाच नाही. मराठी माणूस असाच बोलतो. व्याकरणाच्या तासाला जे चालतं ते बोटाच्या टोकाशी चालत नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. असंख्य बायकांच्या हातून उलटा पर्याय दाबला गेला, आणि ज्यांच्या घरात सरकारी नोकरीचा कागद कधी आला नाही त्या पोर्टलच्या लेखी सरकारी नोकरदारांच्या घरच्या ठरल्या. जानेवारी 2026 मध्ये सरकारने ठरवलं की अशा बायकांची प्रत्यक्ष पडताळणी करायची. कोण करणार? बरोबर. अंगणवाडी सेविका. घरोघरी जाऊन विचारणार, "काय ओ ताई, तुमच्या घरात कोणी सरकारी नोकरीला आहे का?" एक सरळ प्रश्न. सरळ मराठीत. हाच प्रश्न असाच पोर्टलवर विचारला असता तर?

याला आपल्याकडे बैल गेला अन् झोपा केला म्हणतात. संशोधन झालं, पण शेवटी झालं. वेळ सेविकेचा, पाय सेविकेचे, चूक गृहीतरावांची.

खरा युजर कोण?

आता एक गुपित सांगतो, जे गार खोलीत कुणालाच माहीत नसतं. कर्जतमध्ये सरकारी पोर्टलचा युजर नागरिक नसतोच. तो असतो केंद्रचालक. तहसील कचेरीच्या आसपास महा-ई-सेवा केंद्रांच्या पाट्या बघा. आत एक पोरगं, दोन कॉम्प्युटर, एक थम्ब मशीन आणि बाहेरच्या बाकावर दहा जणांची रांग. लोक कागदांची पिशवी त्याच्यापुढे ठेवतात आणि म्हणतात, "भाऊ, एवढं भरून दे."

या पोराला सगळं माहीत असतं. कुठलं पोर्टल रात्री अकरानंतर चालतं, कुठल्या खान्यात आडनाव आधी टाकायचं, कुठला फोटो किती केबीचा लागतो, "सर्व्हर एरर" आला की पुन्हा पहिल्यापासून भरायचं की मागचं बटण दाबायचं. ऊसतोड्याच्या किंवा बिगाऱ्याच्या बोटाचा ठसा उठत नाही, तेव्हा आधी हात धुवायचा की बोट कोरडं पुसायचं, हेही त्यालाच ठाऊक. राज्यातल्या प्रत्येक फॉर्मच्या प्रत्येक दोषाचा चालताबोलता कोश म्हणजे हे पोरगं. आणि त्याला आजवर कुठल्याही बैठकीत कोणी खुर्ची दिलेली नाही. ॲप करणारे म्हणतात, "दलाल नको, नागरिक थेट जोडला जावा." उत्तम. पण तुमच्या फॉर्मला वाटाड्या लागतो, तोवर वाटाडे राहणारच.

याचा उलटा पुरावा हवा? व्हॉट्सॲप कसं वापरायचं याचं शिबिर कर्जतमध्ये कोणी भरवलं होतं का? पंच्याहत्तरीतल्या आजीलाही नातवाला आवाजी निरोप पाठवता येतो. अंगठा दाबून धरायचा, बोलायचं, सोडायचं. शिबिर भरवावं लागतं ते सरकारी ॲपचं. डोनाल्ड नॉर्मन नावाचे अमेरिकी प्राध्यापक 1988 पासून पुस्तक लिहून हेच सांगताहेत: लोक वस्तू चुकीची वापरत असतील, तर दोष आधी वस्तूच्या घडणीत शोधा. आपल्याकडे दोष आधी लोकांत शोधतात, मग प्रशिक्षणाचा निधी मंजूर करतात.

सरासरी माणसाची गोष्ट

गृहीतराव फक्त मंत्रालयात राहतात असंही समजू नका. बड्या खासगी कंपन्यांत त्यांना फोटोही असतो. "पर्सोना" म्हणतात त्याला. ॲलन कूपर यांनी 1999 च्या पुस्तकात ही पद्धत मांडली, ती खऱ्या माणसांना भेटून, त्यांच्या सवयी टिपून, त्यावरून नमुना काढायचा म्हणून. आता बऱ्याच ठिकाणी भेटण्याचा भाग गाळला जातो. इंटरनेटवरून हसऱ्या बाईचा फोटो घ्यायचा, नाव द्यायचं, छंद लिहायचे, भिंतीला चिकटवायचं. म्हणूनच माळावरच्या वस्तीवर सामान मागवताना फ्लॅट नंबर आणि विंग विचारली जाते. आमचा पत्ता असतो "पाण्याच्या टाकीच्या अलीकडची वस्ती, बाभळीपाशी हाक मारा".

अमेरिकी हवाई दलाला ही अद्दल फार आधी घडली. विमानाची बैठक "सरासरी" वैमानिकाच्या मापाची होती आणि अपघात वाढले होते. 1950 मध्ये गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने 4,063 वैमानिकांची मापं घेतली आणि दहाही महत्त्वाच्या मापांत सरासरीच्या जवळ बसणारे किती, ते मोजलं. उत्तर आलं: शून्य. एकही नाही. ज्याच्यासाठी बैठक बनवली होती तो माणूस अस्तित्वातच नव्हता. मग त्यांनी माणसं बदलली नाहीत, बैठक मागेपुढे सरकणारी केली.

मराठीतही चांगलं उदाहरण आहे. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राने 2013 मध्ये स्वरचक्र हा फोनचा कीबोर्ड आणला. 'क' दाबला की त्याभोवती का, कि, की, कु असं चक्र उमटतं. इंग्रजी कीबोर्डाची मराठी नक्कल करण्याऐवजी त्यांनी विचारलं, मराठी पोर अक्षरं कशी शिकतं? बाराखडीने. मग बोटालाही बाराखडीच द्या. एवढा साधा प्रश्न, पण तो विचारावा लागतो.

विचारू नका, बघा

विचारावा लागतो म्हटल्यावर काही उत्साही अधिकारी लगेच गाडी काढून निघतील. त्यांना एक इशारा. कर्जतमध्ये साहेबाने "ॲप कसं वाटलं?" असं विचारलं, तर उत्तर एकच येतं: "चांगलंय साहेब." गाडी निघून गेल्यावर जे उत्तर येतं ते छापता येत नाही. गावातल्या माणसाला पाहुण्याचा मान राखायचा असतो, शिवाय उद्या दाखल्यासाठी त्याच साहेबापुढे उभं राहायचं असतं. तेव्हा मत विचारून काही हाती लागत नाही. काम द्या, फोन हातात द्या, आणि गप्प बसा. बोट कुठे अडखळतं, डोळे कुठे बारीक होतात, माणूस कुठे मान वळवून पोराला हाक मारतो, ते टिपा. गप्प बसणं हे या शास्त्रातलं सर्वांत अवघड काम आहे, आणि आपल्या प्रशासनाला त्याचा सराव सगळ्यांत कमी आहे.

"एवढ्या मोठ्या राज्यात किती लोकांना भेटणार?" हा पुढचा आक्षेप. त्याचं उत्तर जेकब नील्सन यांनी 2000 च्या सुमारास देऊन ठेवलंय: एका तऱ्हेच्या पाचेक माणसांना वापरून बघायला दिलं, तरी पडद्यावरचे बहुतेक ढोबळ दोष उघडे पडतात. तऱ्हा बदलली की आणखी पाच. शितावरून भाताची परीक्षा म्हणतो ना आपण, तेच. दोन कोटींवर बायकांच्या योजनेसाठी पाच विधवा, पाच परित्यक्ता, पाच ऊसतोड बाया, पाच सेविका आणि पाच केंद्रचालक. पंचवीस माणसं. आठवडे बाजाराच्या एका सकाळी उरकणारं काम. खर्च म्हणाल, तर एसटीचं तिकीट आणि पंचवीस चहा. ज्या चुका निस्तरायला हजारो सेविकांना उंबरे झिजवावे लागले, त्या तेवढ्यात सापडल्या असत्या.

तेव्हा गार खोलीतल्या मंडळींना विनंती. पुढचा शासन निर्णय काढण्याआधी फॉर्म कागदावर छापा, लाल एसटीत बसा आणि कर्जतला या. आमच्या कर्जतला, लोकलने आलात तर चुकीच्या गावी उतराल. ज्याचा तुम्हाला विसर पडण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याला पहिला फॉर्म द्या. आणि त्या सेविकेला योजनेच्या शेवटी पडताळणीला पाठवण्याऐवजी पहिल्या बैठकीला बोलवा, प्रवासभत्त्यासह.

वाचकांनाही एक सांगणं आहे. पुढच्या वेळी "मुदतवाढ, लाखो बहिणींना दिलासा" अशी बातमी वाचाल तेव्हा टाळ्या वाजवायची घाई करू नका. ज्या फॉर्मला मुदतवाढ द्यावी लागते, तो फॉर्म नापास झालेला असतो. मुदत त्यालाच वाढवून मिळालेली असते, तुम्हाला नव्हे.